‘आलास’मधला ‘स’ : लहान मुलाला श्रवणयंत्र लावल्यापासून बोलणं येईपर्यंत

‘तो आला’ आणि ‘तू आलास’. दोन्ही क्रियापदांत फरक आहे तो शेवटच्या एका ‘स’चा. बोलताना या ‘स’वर कुणी जोर देत नाही. तो श्वासासारखा हलकेच निसटतो आणि त्याची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर, म्हणजे अगदी चढ्या पट्टीत असते. चढ्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या कानावर दोन्ही वेळा ‘आला’च पडतं. मग घरात सगळे ‘आलास’ म्हणत असतानाही मूल ‘तू आला’ म्हणायला लागतं आणि आपण समजतो की त्याचा उच्चार कच्चा आहे. उच्चाराचा दोष नसतोच. तो ‘स’ त्याच्यापर्यंत कधी पोचलेलाच नसतो.

म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत राहायचा: आवाज मुलापर्यंत पोचतोय का?

पहिली पायरी: तपासणीचे कागद समजून घ्या

नवजात बाळाच्या कानांची प्राथमिक तपासणी, म्हणजे ओएई (कानात आवाज सोडून आतल्या कानातून परत येणारा प्रतिध्वनी मोजणं) किंवा स्वयंचलित एबीआर (आवाजाला नस प्रतिसाद देते का हे आपोआप तपासणं), दोनच निकाल देते: ‘पास’ किंवा ‘रेफर’. ‘रेफर’ आलं म्हणजे बहिरेपण ठरलं असं नाही. कानाच्या नळीत जन्माच्या वेळचा चिकट थर राहिला किंवा मधल्या कानात द्रव असला तरीही ‘रेफर’ येतं. मात्र पुढची तपासणी करायलाच हवी, एवढं त्यातून नक्की होतं. सगळ्यात जास्त महिने वाया जातात ते नेमके इथे. दार आपटलं की बाळ दचकतं, म्हणून ‘ऐकू येतंय की’ असं म्हणत घरचे थांबतात. दार आपटल्याचा आवाज मोठा आणि बराचसा खालच्या पट्टीतला असतो, शिवाय त्याचा हादरा अंगालाही जाणवतो. त्याला दचकणाऱ्या बाळाला ‘स’, ‘श’, ‘ख’, ‘फ’ अजिबात ऐकू येत नसणं सहज शक्य आहे.

यासाठी १-३-६ हे वेळापत्रक धरलं जातं: पहिल्या महिन्याच्या आत प्राथमिक तपासणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत यंत्र आणि भाषेचं काम सुरू. लहान मुलांच्या श्रवणावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संयुक्त समितीनं २०१९ मध्ये, जिथे शक्य असेल तिथे हेच १-२-३ वर आणावं असं सुचवलं. या घाईला कारण आहे. १९९८ मध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळला त्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती, मग दोष सौम्य असो की तीव्र. तुमचं मूल दीड-दोन वर्षांचं असेल तर हे वाचून खचू नका. मागचे महिने आता हातात नाहीत, पण उद्या सकाळपासूनचे आहेत.

निदानासाठी होते ती बेरा, म्हणजे एबीआरचीच सविस्तर चाचणी. बाळ गाढ झोपेत असताना डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून, आवाजाला मेंदूकडे जाणारी नस कसा प्रतिसाद देते हे मोजतात. अहवाल हातात आला की तीन गोष्टी विचारा. एक, फक्त ‘क्लिक’ आवाजावर चाचणी झाली की ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ अशी वेगवेगळी? क्लिकवरून साधारण २००० ते ४००० हर्ट्झचा अंदाज येतो, पण तेवढ्यावर यंत्र नीट लावता येत नाही. दोन, दोन्ही कानांचे आकडे वेगळे आहेत का? तीन, हाडावाटे आवाज देऊन तपासलं का? त्यातून दोष आतल्या कानात आहे की बाहेरच्या-मधल्या कानात अडथळा आहे, हे कळतं. ओएईमध्ये प्रतिसाद येतो पण बेरामध्ये प्रतिसादच नाही असं असेल, तर ऑडिटरी न्यूरोपॅथीचा (कान आवाज घेतो, पण नस तो मेंदूपर्यंत नीट नेत नाही) विचार करावा लागतो. तिथे यंत्राचा उपयोग प्रत्येक मुलागणिक वेगळा असतो. आणि मेंदूज्वरानंतर ऐकू येणं कमी झालं असेल तर एक आठवडाही दवडू नका. आतल्या कानात हाड भरत जाऊ शकतं आणि मग कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायचं, नसेला थेट विजेचे संकेत देणारं उपकरण) बसवणं अवघड होतं.

आवाज किती मोठा हे डेसिबलमध्ये मोजतात; मीटरभर अंतरावरचं नेहमीचं बोलणं ६० ते ६५ डेसिबलच्या आसपास असतं. त्यामुळे ३५ डेसिबलचा दोष, म्हणजे त्याहून हलका आवाज ऐकूच न येणं, कागदावर ‘सौम्य’ दिसला तरी बोलण्यातले हलके भाग त्यात गळतात, आणि तीन मीटरवरून बोललेलं तर अर्धवटच येतं. मोठ्या माणसाला भाषा आधीच येत असते, तो गाळलेल्या जागा स्वतः भरतो. बाळाकडे भरायला काहीच नसतं. ‘सौम्य आहे, मोठा झाल्यावर बघू’ हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे.

दुसरी पायरी: यंत्र निवडणं आणि ते मोजून लावून घेणं

लहान मुलांसाठी कानामागे बसणारं यंत्रच घ्यायचं. कान वाढतो तसा फक्त मोल्ड, म्हणजे कानाच्या मापानं बनवलेला, कानात बसणारा भाग, बदलता येतो, महागडं यंत्र तेच राहतं. बॅटरीच्या दाराला कुलूप हवं, बाहेरून आवाज कमी-जास्त करणारं बटण बंद करता यायला हवं, चालू असल्याचं दाखवणारा छोटा दिवा असावा आणि पुढे रिमोट मायक्रोफोन (बोलणाऱ्यानं लावायचा, त्याचं बोलणं बिनतारी थेट यंत्रात पोचवणारा माइक) जोडता यावा. दोष दोन्ही कानांत असेल तर यंत्रं दोन. बाहेरच्या कानाची नळीच नसेल तर डोक्याच्या मऊ पट्ट्यावर बसवलेलं, हाडावाटे ऐकवणारं यंत्र बाळपणापासून लावता येतं.

खरी मेख पुढे आहे. बाळाच्या कानाची नळी इतकी लहान असते की तोच आवाज तिथे मोठ्या माणसाच्या कानापेक्षा बराच मोठा होतो. हा फरक कधी १० डेसिबलहूनही जास्त भरतो. म्हणून कानात बारीक नळी सरकवून तिथला प्रत्यक्ष आवाज मोजावा लागतो. या मापाला आरईसीडी म्हणतात. बाळ शांत असेल तर ते काही मिनिटांत होतं. त्यावरून डीएसएल किंवा एनएएल या सूत्रांनी ठरलेल्या पातळीला यंत्राचा आवाज जुळवतात: हळू बोलणं, नेहमीचं बोलणं, मोठ्यानं बोलणं, आणि यंत्रानं कधीही ओलांडू नये अशी वरची मर्यादा. ‘आरईसीडी मोजलं का? आलेख दाखवाल का?’ असं सरळ विचारा. मागून टाळी वाजवली आणि बाळानं मान वळवली, एवढ्यावर यंत्र ‘सेट’ झालं असं कुणी म्हणत असेल तर ते मान्य करू नका. टाळी ऐकू येणं आणि ‘स’ ऐकू येणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरी पायरी: मोल्ड बसवायला शिका

यंत्रावर लाल खूण म्हणजे उजवा कान, निळी म्हणजे डावा. मोल्ड मऊ सिलिकॉनचा घ्या. पहिले दोन दिवस त्रास होतो, मग हात बसतो.

बाळाला मांडीवर घ्या आणि यंत्र बंद ठेवा. एका हातानं कानाची पाळी हलकेच मागे आणि किंचित खाली ओढा, म्हणजे नळी सरळ होते. मोल्डचं निमुळतं टोक आधी नळीत सरकवा. मग मोल्ड थोडा मागच्या बाजूला फिरवत त्याचा वरचा बाक कानाच्या वरच्या घडीखाली सारा. नवख्या हातांकडून राहून जातं ते हेच: टोक आत गेलं की काम झालं असं वाटतं आणि वरचा बाक बाहेरच लटकत राहतो. आता अंगठ्यानं सगळीकडून हलकं दाबा, मोल्ड आणि यंत्र जोडणाऱ्या ट्यूबला पीळ पडलेला नाही ना ते पाहा, यंत्र कानामागे टेकवा आणि मग चालू करा. आत सरकत नसेल तर मोल्डवर पाण्याच्या आधाराचं वंगण बोटानं थोडंसं लावा. तेल किंवा व्हॅसलीन नको.

शिट्टी वाजली म्हणजे मोल्डमधून गळालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतोय. बाळाला कुशीत घेतल्यावर, पाजताना, कान दंडाला टेकल्यावर थोडी शिट्टी वाजणारच. उघड्यावरही वाजत असेल तर क्रमानं पाहा: मोल्ड नीट बसलाय का, कानात मळ आहे का, ट्यूबला चीर गेलीय का, आणि शेवटी, कान मोठा होऊन मोल्ड सैल झालाय का. पहिल्या काही महिन्यांत मोल्ड महिन्या-दीड महिन्यातच लहान पडू शकतो. पहिलं वर्ष संपेपर्यंत दोन-तीन महिन्यांनी, त्यानंतर तीन ते सहा महिन्यांनी नवा मोल्ड लागेल असं धरून चाला. नवा तयार व्हायला दिवस लागतात, म्हणून पहिली शिट्टी ऐकली की लगेच माप द्यायला जा.

शिट्टी थांबवायची म्हणून यंत्राचा आवाज कमी करून घेऊ नका. घरी शांतता होते, सगळ्यांना बरं वाटतं, आणि सगळ्यात आधी जातो तो चढ्या पट्टीचा भाग: ‘स’, ‘श’, ‘ख’मधला श्वास. नवा मोल्ड आला की आरईसीडीसुद्धा नव्यानं मोजून घ्यायचं असतं, हेही लक्षात ठेवा.

चौथी पायरी: रोज सकाळची पाच मिनिटं

मूल बंद पडलेल्या यंत्राची तक्रार करू शकत नाही. उलट, बंद यंत्राचा मोल्ड कानात बोळ्यासारखा बसतो आणि मूल यंत्राशिवाय ऐकेल त्याहूनही कमी ऐकतं. त्यामुळे तपासणं आपल्यालाच भाग आहे. साहित्य थोडंच लागतं: बॅटरी टेस्टर, यंत्र ऐकायचा स्टेथोक्लिप, हवा मारायचा रबरी फुगा, मऊ ब्रश आणि सिलिका जेलची हवाबंद डबी.

आधी डोळ्यांनी पाहा. मोल्डच्या भोकात मळ आहे का? ट्यूबमध्ये पाण्याचा थेंब आहे का? मोहरीएवढा थेंबसुद्धा आवाज अडवतो. मोल्ड यंत्रापासून वेगळा करून फुग्यानं हवा मारा. ट्यूब पिवळी आणि कडक झाली असेल तर बदलून घ्या. साधारण तीन ते सहा महिन्यांत ती वेळ येते. मोल्ड धुवायचा तो यंत्रापासून काढूनच, कोमट साबणपाण्यानं, आणि पूर्ण सुकल्यावरच जोडायचा.

मग बॅटरी. झिंक-एअर बॅटरी हवेवर चालते. तिचा स्टिकर काढला की एक मिनिट तशीच ठेवा, मग यंत्रात घाला. लगेच घातली तर पुरता जोर येत नाही. एकदा स्टिकर निघाला की ती वापरा किंवा वापरू नका, उतरत जाते. १३ नंबरची बॅटरी साधारण एक ते दोन आठवडे चालते. रात्री दार उघडून बॅटरी बाहेर काढा आणि यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा. हेअर ड्रायरनं सुकवू नका.

आता स्टेथोक्लिप लावून स्वतः ऐका आणि यंत्राजवळ बोला. खरखर येत असेल तर बहुधा ओल किंवा बॅटरीच्या पट्ट्यांवरचा मळ. आवाज मधेच जातो-येतो, तर बॅटरीची पट्टी गंजलेली किंवा सैल. आवाज बारीक, तर ट्यूब किंवा फिल्टर तुंबलेलं. पहिल्या आठवड्यात यंत्र चांगलं असताना कसं वाजतं ते कानात बसवून घ्या, म्हणजे नंतरचा फरक आपोआप कळतो.

शेवटी यंत्र मुलाच्या कानात बसवून सहा ध्वनी: म्, ऊ, आ, ई, श्, स्. ही चाचणी डॅनियल लिंग यांच्या नावानं ओळखली जाते. या सहांत बोलण्याची खालपासून वरपर्यंतची सगळी पट्टी येते. ‘म्’ आणि ‘ऊ’ खालचे, ‘आ’ मधला, ‘श्’ साधारण २००० हर्ट्झच्या वरचा, ‘स्’ त्याहूनही वरचा. ‘ई’ गमतीचा आहे, त्याचा एक भाग खाली आणि एक २००० च्या वर असतो. वरचा भाग पोचला नाही तर मूल ‘ई’ला ‘ऊ’ म्हणतं. ‘श्’ आणि ‘स्’ स्वराशिवाय म्हणा. ‘सा’ म्हटलंत की मूल ‘आ’ ऐकून प्रतिसाद देईल.

मुलाच्या बाजूला किंवा किंचित मागे बसा. तोंडावर हात धरू नका, त्यानं ‘स्’ दबतो. नेहमीच्या आवाजात, क्रम रोज बदलून, मधल्या शांततेची लांबी कधी तीन तर कधी दहा सेकंद ठेवत म्हणा. ठेका एकसारखा ठेवलात तर मूल ठेक्यालाच हात वर करतं. फार जवळून ‘स्’ म्हटलं की श्वास त्याच्या मानेवर लागतो, आणि मान वळते ती त्या झुळकीनं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ डोळे मोठे करील किंवा चोखणं थांबवील. आठ-नऊ महिन्यांचं वळून पाहील. दोन-अडीच वर्षांचं मूल आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायला शिकतं आणि तीनच्या आसपास ध्वनी परत म्हणून दाखवतं. आधी हातभर अंतरावरून, मग १ मीटर, मग ३ मीटर, आणि दोन्ही कान वेगवेगळे.

बॅटरीबद्दल एक गोष्ट जिवाची आहे. नाण्यासारखी बॅटरी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत तिथे गंभीर भाजू शकतं. नाकात किंवा कानात गेली तरी धोकाच. संशय जरी आला तरी थेट रुग्णालय गाठा, उलटी करवू नका. मूल एक वर्षाहून मोठं असेल, त्याला गिळता येत असेल आणि बारा तासांच्या आतली गोष्ट असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी १० मिलिलीटर मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. त्यासाठी निघायला उशीर मात्र करायचा नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही. वापरलेल्या बॅटऱ्याही मोजून, कुलपात.

पाचवी पायरी: किती वेळ लावायचं?

जागेपणी सगळा वेळ. वर्षाच्या मुलासाठी हे दिवसाला साधारण १० तास किंवा जास्त होतात. रोज चार तास यंत्र लावणाऱ्या मुलाला, रोज बारा तास लावणाऱ्यानं एका वर्षात जेवढं ऐकलं तेवढं ऐकायला तीन वर्षं लागतात. भाषेचं वय मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. यंत्र स्वतःच तासांची नोंद ठेवतं आणि ऑडिओलॉजिस्टना (श्रवणतज्ज्ञांना) ती दिसते. तो आकडा लपवायचा नसतो. कमी असेल तर कुठे अडतंय ते उघड बोला. यंत्र चालू ठेवून डब्यात टाकलं तर तेही तास मोजले जातात, म्हणून नोंद खरी राहील असं वागा.

सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान मुलं यंत्र ओढून काढतात. हाताला लागेल ते ओढायचं हे वयच असतं, आणि काढलं की मोठी माणसं धावत येतात याची त्यांना मजा वाटते. ओरडू नका, हसूही नका. ‘यंत्र निघालं, लावू या’ म्हणून शांतपणे परत बसवा. फारच चिडलं असेल तर दोन मिनिटं थांबा, हाताला खेळणं द्या आणि मग लावा. ‘आज राहू दे’ असं करत आठवडा जातो आणि सवय मोडते. लंगोट बदलला की यंत्र, झोपेतून उठलं की यंत्र, अशी एखाद्या ठरलेल्या कामाला जोड दिलीत की विसरत नाही. दोन बाजूंनी चिकटणारी वैद्यकीय टेप, पातळ सुती टोपी, सदऱ्याला मागे अडकवायची आखूड दोरी-क्लिप यांचा उपयोग होतो. जाड लोकरी टोपी माइक झाकते.

पण ओढण्याला कधीकधी अर्थ असतो. रोज छान लावून घेणारं मूल अचानक एकाच कानाचं यंत्र काढू लागलं, तर कान लाल झालाय का, पू येतोय का, मोल्ड कुठे घासतोय का, बॅटरी संपलीय का ते पाहा. भांडं पडल्यावर किंवा कुत्रा भुंकल्यावर डोळे घट्ट मिटून घेत असेल तर यंत्राच्या आवाजाची वरची मर्यादा तपासून घ्या.

सहावी पायरी: आता बोला, पण कसं?

यंत्र आवाज आणून देतं. त्याला अर्थ चिकटतो तो तुमच्या बोलण्यानं.

सगळ्यात आधी अंतर. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. चार मीटरवरून बोलण्याऐवजी एक मीटरवर आलात की १२ डेसिबल मिळाले, मांडीवर घेऊन २५ सेंटिमीटरवर आलात की आणखी १२. मोठ्यानं ओरडून हे साधत नाही. ओरडल्यानं ‘आ’, ‘ओ’ फुगतात, ‘स’ आणि ‘त’ त्या मानानं वाढतच नाहीत. पलीकडच्या खोलीतून हाक मारण्याची सवय घरातल्या सगळ्यांनी सोडावी.

दुसरं, गोंगाट. यंत्राला बोलणं आणि पंख्याची घरघर पूर्ण वेगळी करता येत नाही. कुणी बघत नसताना चालू असलेला टीव्ही बंद करणं ही घरात करता येण्यासारखी सगळ्यात मोठी सुधारणा आहे. गाडीत, बागेत, बाबागाडी ढकलताना रिमोट मायक्रोफोन फार कामाला येतो. तो ओठांपासून १५-२० सेंटिमीटरवर लावा, आणि दुसऱ्या कुणाशी बोलताना आठवणीनं बंद करा, नाहीतर तुमचं फोनवरचं बोलणं थेट मुलाच्या कानात जातं.

मग रोजची कामं. मोजे घालण्याचंच घ्या. मोजा लगेच समोर धरू नका. आधी नुसतं म्हणा, ‘आता मोजे घालू या.’ थांबा. मनात पाच ते दहा अंक मोजा. हा वेळ आपल्याला असह्य लांब वाटतो, मुलाला ऐकलेलं जुळवायला तो हवाच असतो. त्यानं पायाकडे पाहिलं, हात हलवला, ‘मो’ म्हटलं, काहीही केलं तरी ते उत्तर धरा. मग मोजा दाखवा: ‘हा बघ मोजा.’ घालताना पुन्हा नुसतं शब्दांत: ‘मोजा पायात सरकला. एक पाय झाला, दुसरा राहिला.’ आधी ऐकणं, मग दिसणं, मग पुन्हा ऐकणं, हा क्रम. आणि तुमचं एक वाक्य, त्याचा एक प्रतिसाद, मग पुन्हा तुमचं. या देवाणघेवाणीला एकतर्फी बडबडीपेक्षा खूप जास्त मोल आहे.

‘हे काय? ते काय? म्हण ना, बॉल म्हण’ ही रोजची परीक्षा बंद करा. तिनं मूल गप्प होतं, आणि शिकतं ती फक्त नावं. भाषा नुसत्या नावांची नसते. ‘सांडलं’, ‘लपला’, ‘जड आहे’, ‘घाबरलास का?’, ‘अजून नको’ अशी क्रियापदं आणि मनातलं सांगणारे शब्द दिवसभर यायला हवेत. मूल ‘पाणी’ म्हणालं तर तुम्ही ‘पाणी हवंय? थंड पाणी’ म्हणा, त्याच्या शब्दाला आणखी एक-दोन जोडून परत द्या. ‘बॉल पडला’ असं म्हणू लागलं की ‘बॉल खाली पडला, आता उचल’.

निसटणारे ध्वनी मुद्दाम ऐकवता येतात. आपल्या भाषेत असे बरेच आहेत: ‘कार’ आणि ‘खार’ यांत फक्त श्वासाचा झोत वेगळा, ‘खेळतो’ आणि ‘खेळतोस’ यांत शेवटचा ‘स’, ‘येतो’ आणि ‘येतोय’ यांत शेवटचा ‘य’. असा शब्द वाक्याच्या शेवटी आणा आणि त्याच्या आधी क्षणभर थांबा: ‘आई आली, बाबा आले, तू पण… आलास.’ कधी तोच शब्द कानाजवळ कुजबुजून म्हणा; कुजबुजताना स्वर बसतात आणि व्यंजनं वर येतात. पुस्तक वाचताना मुलाला मांडीवर पाठमोरं घ्या, म्हणजे तोंड न बघता ऐकण्याचा सराव होतो आणि तुमचा आवाज माइकजवळ राहतो.

घरात ज्या भाषेत तुम्ही सहज बोलता, रागावता, लाड करता, तीच मुलाशी बोला. अडखळत बोललेली परकी भाषा त्याला अर्धवट नमुना देते. घरात दोन भाषा सहज बोलल्या जात असतील तर दोन्ही राहू द्या. खुणांच्या भाषेबद्दलही स्पष्ट सांगायला हवं: खुणा शिकल्यानं बोलणं थांबत नाही. दोष तीव्र असेल, निदान उशिरा झालं असेल किंवा यंत्रातून पुरेसं पोचतंय की नाही हे अजून ठरत नसेल, तर त्या महिन्यांत मुलाला समजणारी पूर्ण भाषा मिळणं फार महत्त्वाचं असतं. भाषेवाचून गेलेली वर्षं भरून काढणं अतिशय कठीण असतं.

सातवी पायरी: पुढे जातंय की अडलंय?

मुलाचं ऐकण्याचं वय यंत्र लावल्याच्या दिवसापासून मोजा. दहाव्या महिन्यात यंत्र लागलेल्या दीड वर्षाच्या मुलाचं ऐकण्याचं वय आठ महिने. पहिले काही महिने हा हिशोब धीर देतो. मात्र त्याआड लपून राहू नका. दोन वयांमधलं अंतर कमी होत जायला हवं. नीट ऐकू येणारं मूल साधारण दहाव्या महिन्यापर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे आवाज काढतं, वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो, आणि दोन वर्षांचं होईतो पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडणी असते.

यंत्र मोजून लावलंय, दिवसभर लागतंय, तरीही तीन ते सहा महिन्यांत आवाजाकडे लक्ष जात नाही, तोंडातले आवाज बदलत नाहीत, सहा ध्वनींतले वरचे दोन-तीन हातभर अंतरावरूनही मिळत नाहीत, असं असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटसाठी तपासणी मागा. ‘अजून वर्षभर बघू’ ऐकून परतू नका. दोष ९० डेसिबलच्या पुढचा असेल तर ही चर्चा यंत्र लावल्या दिवसापासूनच सुरू असावी, कारण इम्प्लांट वर्षाच्या आसपासच बसवता येतं.

चांगलं चाललेलं मूल अचानक मागे पडलं तर आधी सर्दी आठवा. मधल्या कानात द्रव साचला की मूळ दोषात २० ते ३० डेसिबलची भर पडू शकते. काही मुलांचा मूळ दोषच हळूहळू वाढतो, विशेषतः सीएमव्ही या विषाणूचा जन्मजात संसर्ग असेल तर. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं दर तीन महिन्यांनी ऐकण्याची चाचणी लागते. सात-आठ महिन्यांपासून ती जागेपणी, खेळण्याच्या मदतीनं करता येते आणि बेरापेक्षा अधिक बारकावे देते.

प्रत्येक भेटीला एक वही न्या. तीत तारीख, प्रत्येक कानाचे सहा ध्वनी आणि कुठल्या अंतरावरून मिळाले ते, यंत्र किती तास लागलं, नवे शब्द आणि नवे आवाज. ‘कसं चाललंय?’ याला ‘बरं आहे’ हे उत्तर दिलंत तर ऑडिओलॉजिस्टच्या हाती काहीच लागत नाही. ‘गेले दोन आठवडे उजव्या कानाला १ मीटरवरून स् मिळत नाही, डाव्याला मिळतो’ असं सांगितलंत, की त्यांचा हात सरळ उजव्या मोल्डकडे जाईल, मग ट्यूबकडे, आणि त्यानंतर ४००० हर्ट्झच्या वरच्या आलेखाकडे.